वर्गातील शिक्षण आणि समाजमाध्यमे : सातारा व सांगली जिल्ह्यांतील भाषाशिक्षणाच्या दृष्टीने एक विचार

शाळेत शिकविली जाणारी भाषा आणि मूल घरात बोलते ती भाषा ह्यांत अंतर असते, ही गोष्ट नवी नाही. हे अंतर कमी कसे करावे, हा भाषाशिक्षणातील जुना प्रश्न आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत ह्या प्रश्नास एका नव्या साधनाची जोड मिळाली. व्हॉट्सॲप, यूट्यूब, फेसबुक इत्यादी समाजमाध्यमे प्रथम शिक्षकांच्या, नंतर पालकांच्या आणि अखेरीस विद्यार्थ्यांच्या हाती आली, व त्यांच्याबरोबर ती वर्गातही शिरली. त्यांचा वर्गात उपयोग करावा की करू नये, असा वाद आज सर्वत्र ऐकू येतो. प्रस्तुत लेखात हा वाद थोडा बाजूस ठेवून एका मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. ह्या माध्यमांत विद्यार्थी बोलतो का, आणि बोलत असल्यास कोणत्या भाषेत बोलतो? माध्यमाचा शैक्षणिक लाभ ह्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे, असे आमचे मत आहे. विवेचनासाठी सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे घेतले आहेत.

१. 'समाजमाध्यम' म्हणजे काय?

पाठ्यपुस्तक, आकाशवाणी व दूरचित्रवाणी ही माध्यमे एकतर्फी होत. त्यांत एक बोलतो व अनेक ऐकतात. समाजमाध्यमाचे वैशिष्ट्य असे की, त्यात ऐकणाऱ्यास उलट बोलता येते, आणि ते बोलणे गटातील सर्वांस ऐकू जाते. ही व्यवस्था नसेल, तर त्या साधनास समाजमाध्यम म्हणण्याचे कारण उरत नाही. ते केवळ स्वस्त व वेगवान टपाल ठरते.

ह्या कसोटीवर आपल्या परिसरातील शाळांचे गट तपासून पाहण्याजोगे आहेत. २०१८ साली व्हॉट्सॲपने गटप्रमुखास अशी सोय करून दिली की, त्याच्या इच्छेनुसार गटात केवळ प्रमुखांनीच लिहावे, इतरांनी फक्त वाचावे. पालकांच्या शुभेच्छांनी आणि अनावश्यक चित्रांनी त्रस्त झालेल्या शिक्षकांस ही सोय फार उपयोगी पडली, व ते स्वाभाविकही होते. परंतु ही कळ दाबताच गटाचे स्वरूप बदलते. तो सूचनाफलक होतो. सूचनाफलकाचेही शाळेत स्थान आहेच, मात्र सूचनाफलक वाचून कोणी भाषा शिकला, असे उदाहरण विरळा.

२. पूर्वपीठिका

विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लेखनास वाचक मिळवून देणे ही कल्पना दूरध्वनीच्याही पलीकडची आहे. फ्रान्समध्ये बार-सुर-लू ह्या खेड्यात शिक्षक असलेल्या सेलेस्तँ फ्रेने ह्यांनी १९२४ च्या सुमारास वर्गात एक लहान छापखाना आणला. मुलांनी आपल्या अनुभवावर चार ओळी लिहावयाच्या, वर्गाने त्या मिळून सुधारावयाच्या, मुलांनीच खिळे जुळवून छापावयाच्या, आणि ते कागद दूरच्या दुसऱ्या शाळेस टपालाने पाठवावयाचे, असा तो क्रम होता. दुसऱ्या शाळेची पत्रे येत, त्यांत प्रश्न असत, व त्या प्रश्नांस उत्तरे देण्यासाठी मुले पुन्हा लिहीत.

आपल्याकडेही ह्याच काळात असा प्रयोग झालेला आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक व तेथील छात्रालयाचे प्रमुख असताना मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक काढीत असत. शाळांमधील भित्तिपत्रके व हस्तलिखित वार्षिके ह्याच परंपरेतील होत. ह्या सर्वांत एक समान सूत्र आहे. मुलाने लिहिलेले केवळ गुण देण्यासाठी तपासले जात नाही. ते कोणीतरी वाचतो. वाचक आहे म्हणून लेखन अर्थपूर्ण होते, आणि वाचकास कळले नाही म्हणून ते सुधारावे लागते. समाजमाध्यमाने छापखान्याचा खर्च व टपालाचा विलंब दूर केला आहे. उरलेले कार्य मात्र पूर्वीइतकेच शिक्षकाचे आहे.

३. सातारा-सांगलीतील अनुभव

सातारा जिल्ह्यास शिक्षणप्रसाराची मोठी परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली तिचे केंद्र साताऱ्यास आणले. निरनिराळ्या जातींची मुले त्यांनी एका वसतिगृहात, एका पंक्तीस आणली. भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने पाहिले, तर एका छपराखाली निरनिराळ्या घरांची मराठीही त्यामुळे एकत्र आली. शाळेत कोणास प्रवेश मिळतो, ह्या प्रश्नाच्या पाठोपाठ शाळेत कोणाच्या बोलण्यास प्रवेश मिळतो, हा प्रश्न येतोच.

अलीकडच्या काळात ह्याच जिल्ह्यातील कुमठे बीटाचे नाव राज्यभर झाले. बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांचा समूह. सातारा तालुक्यातील ह्या बीटात विस्तार अधिकारी श्रीमती प्रतिभा भराडे ह्यांच्या मार्गदर्शनाखाली जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग चालविले. मूल साहित्य हाताळून, परस्परांशी बोलून, स्वतः अर्थ लावून शिकते, हे त्या पद्धतीचे तत्त्व. २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला, आणि त्या सुमारास अन्य जिल्ह्यांतील शिक्षक कुमठे पाहण्यास मोठ्या संख्येने येऊ लागले. ज्यांना येता आले नाही, त्यांच्यापर्यंत शिक्षकांच्या गटांतून छायाचित्रे पोहोचली.

ह्या प्रसारातून माध्यमाचे सामर्थ्य व त्याची मर्यादा ही दोन्ही दिसून येतात. वर्गाच्या फरशीवर रंगविलेल्या आकृती, चौकटी व अक्षरचक्रे छायाचित्रात स्पष्ट दिसतात. त्यामुळे त्यांचे अनुकरण सुलभ होते. मात्र त्या चौकटीभोवती बसून मुले काय बोलत होती, शिक्षकाने कोणता प्रश्न विचारला व किती वेळ उत्तराची वाट पाहिली, हे छायाचित्रात येत नाही. फरशी रंगली, तरी तिच्याभोवतीचा संवाद आपोआप येत नाही. चित्र वेगाने प्रवास करते आणि संवाद मागे राहतो, हा ह्या माध्यमांचा स्वभावच आहे. त्याची जाणीव ठेवून ती वापरावी लागतात.

पुढे मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे राज्यातील शाळा बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून व पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून स्थानिक परिस्थितीनुसार उघडू लागले. लहान मुलांच्या वाट्यास तर दीड वर्षाहून अधिक काळ नियमित वर्ग आला नाही. ह्या काळात व्हॉट्सॲप हीच अनेक ठिकाणी शाळा झाली. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद... पण शिक्षण आहे' ह्या नावाने दैनंदिन अभ्यासमाला प्रसृत केली. नोव्हेंबर २०२० पासून 'स्वाध्याय' हा उपक्रम सुरू झाला. त्यात विद्यार्थ्यास दर आठवड्यास व्हॉट्सॲपवरच बहुपर्यायी प्रश्न मिळत व उत्तराचा बरोबर-चूक निकालही तेथेच कळे.

त्या आपत्तीत ह्या उपक्रमांनी शाळेचा धागा तुटू दिला नाही, हे निःसंशय. परंतु भाषेच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर देताना मूल एक खूण पाठविते, वाक्य पाठवीत नाही. भाषा जाणण्याची परीक्षा तेथे होते, भाषा घडविण्याचा सराव होत नाही. संवादासाठीच निर्माण झालेल्या माध्यमातून मुलाने मोठ्या काळापर्यंत एक अक्षर वा आकडा एवढेच उत्तर पाठविले, ही परिस्थिती विचार करावयास लावणारी आहे.

४. लिहिलेले बोलणे

समाजमाध्यमावरील भाषा ही लेखी असली, तरी तिची घडण बोलण्याची असते. वाक्ये लहान असतात. पूर्णविराम गळतो, कारण संदेश पाठविला की वाक्य संपले, हे दोघांसही ठाऊक असते. आवाजातील चढउतार कागदावर येत नाहीत. ती उणीव हसऱ्या-रडव्या चिन्हांनी भरून काढली जाते. ह्या प्रकारास 'लिहिलेले बोलणे' म्हणता येईल. पूर्वी असे लेखन कथा-कादंबरीतील संवादांपुरते मर्यादित होते. आता शाळकरी मूलही ते रोज करते.

मराठी शुद्धलेखनाच्या इतिहासात ह्या सीमेचा विचार आधीच झालेला आहे. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांत 'असं केलं' हे बोलण्यातील रूप व 'असे केले' हे लेखनातील रूप ह्यांत भेद केला आहे. पात्राच्या तोंडच्या भाषेत पहिले चालेल, इतरत्र दुसरे वापरावे, असा त्याचा आशय. म्हणजे बोलण्यातील रूप अशुद्ध आहे, असे नियमकर्त्यांनीही म्हटलेले नाही. त्याचे स्थान वेगळे आहे, एवढेच म्हटले आहे. गटावरील संदेशात विद्यार्थी हा स्वतःच पात्र असतो व स्वतःच लेखकही. तेव्हा त्याने कोणते रूप वापरावे, ह्या प्रश्नास एकच उत्तर नाही. कोणास व कशासाठी लिहीत आहोत, ह्यावर ते ठरते. हा विवेक शिकविणे म्हणजेच भाषा शिकविणे होय.

रोमन लिपीत मराठी लिहिण्याची सवय हाही येथे विचारात घेण्याजोगा विषय आहे. इंग्रजी कळफलकावर घाईने टंकित केलेल्या मराठीत 'काळ' व 'काल', 'माळ' व 'माल', 'मण' व 'मन', 'पाट' व 'पात' ह्या जोड्या एकरूप होतात. संदर्भावरून अर्थ लागतो, म्हणून मोठ्यांस अडचण भासत नाही. परंतु ज्याचे अक्षरज्ञान अद्याप दृढ व्हावयाचे आहे, त्या मुलास 'ण' व 'न' किंवा 'ळ' व 'ल' ह्यांतील भेद लिपीतून दिसणेच बंद होते. म्हणून वर्गाच्या गटावर देवनागरीचा आग्रह धरणे योग्य ठरते. ऑगस्ट २०१७ पासून गूगलने मराठीत बोलून टंकित करण्याची सोय दिली. तिचा लाभ घेता येतो. तिला सवय मात्र प्रमाण भाषेची अधिक असल्याने बोलीतील शब्दाच्या जागी पुष्कळदा भलताच शब्द उमटतो. तो शोधून काढणे, हाही एक चांगला स्वाध्याय आहे.

आता ह्या परिसरातील बोलीकडे वळू. 'आहे' ह्याचे 'हाय', 'नाही' ह्याचे 'न्हाई', 'त्यांना' ह्याऐवजी 'त्यास्नी', 'तुम्हांला' ह्याऐवजी 'तुमास्नी' ही रूपे सातारा-सांगलीच्या ग्रामीण भागात कानी पडतात. मिरज-सांगलीकडे व कोल्हापुरात पुष्कळ स्त्रिया 'मी आलो', 'मी गेलो' असे म्हणतात. प्रमाण मराठीत प्रथम पुरुषातही क्रियापदावर लिंगभेद दिसतो. ह्या बोलीत तो प्रथम पुरुषात दिसत नाही. शेजारच्या कन्नड भाषेतही प्रथम पुरुषाच्या क्रियापदास लिंगभेद नसतो, ही गोष्ट येथे सहज आठवते. मुद्दा असा की, ही रूपे निष्काळजीपणाची नसून नियमबद्ध आहेत. फलटणच्या मराठीतील भेदांचा भाषावैज्ञानिक अभ्यास डॉ. मॅक्सीन बर्नसन ह्यांनी केला, आणि पुढे त्याच गावी प्रगत शिक्षण संस्थेच्या द्वारे मुलांच्या वाचन-लेखनाच्या कार्यास त्यांनी स्वतःस वाहून घेतले. बोलीचा अभ्यास आणि बालशिक्षण ही कामे परस्परांपासून दूर नाहीत, ह्याचे हे सातारा जिल्ह्यातीलच उदाहरण आहे.

हे सर्व ज्ञात असूनही प्रस्तुत लेखकाच्या हातून एक प्रमाद घडला. तो येथे नमूद करणे उचित वाटते. पदवीच्या वर्गासाठी केलेल्या गटावर मिरज तालुक्यातील एका विद्यार्थिनीने लिहिले, 'सर, मी आत्ताच घरी आलो, उत्तर रात्री पाठवतो.' घाईत व सवयीने मी त्याखाली 'आले, पाठवते' एवढेच दोन शब्द लिहिले. गटातील काहींनी हसऱ्या चिन्हांची भर घातली. त्या विद्यार्थिनीने त्या वर्षी गटावर पुन्हा एकही वाक्य लिहिले नाही. वर्गात मी हेच दोन शब्द उच्चारले असते, तर ते हवेत विरले असते. गटावर ते साठ जणांसमोर लेखी राहिले, व ज्याला पाहिजे त्याला पुन्हा पुन्हा वाचता आले. समाजमाध्यम चुकीची दुरुस्ती सार्वजनिक व टिकाऊ करते. बोलीच्या नियमांवर व्याख्याने देणाऱ्या शिक्षकाकडूनही असे घडू शकते, तेव्हा साधनाबरोबर त्याच्या वापराची शिस्तही ठरवून घेतली पाहिजे.

५. एका पाठाची रूपरेषा

वरील विवेचन व्यवहारात कसे उतरविता येईल, हे दाखविण्यासाठी इयत्ता सहावी-सातवीच्या एका पाठाची रूपरेषा पुढे देत आहोत. विषय सांगलीचा घेतला आहे : हळदीचे पेव.

सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ. २०१८ साली सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकनही मिळाले. सांगलीनजीकच्या हरिपुरात हळद साठविण्यासाठी जमिनीत पेवे खोदलेली असत. २००५ च्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवांची हानी झाली. 'अफवांचे पेव फुटले' हा वाक्प्रचार आजचे मूल वृत्तपत्रात वाचते, पण पेव म्हणजे काय, हे त्याने पाहिलेले नसते. शब्द राहिला आणि वस्तू दृष्टीआड झाली, अशी ही अवस्था आहे. ही वस्तू ज्यांनी पाहिली, ती माणसे मात्र अद्याप घरांत आहेत.

पहिल्या दिवशी शिक्षकाने गटावर एकच प्रश्न पाठवावा : 'पेव उघडल्यावर काय काळजी घेत असत, हे घरातील वा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसांस विचारा, आणि त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत एका मिनिटाच्या ध्वनिसंदेशाने पाठवा.' आजी-आजोबांस लिहिता येते की नाही, हा प्रश्न येथे उद्भवत नाही. ध्वनिसंदेशाची सोय व्हॉट्सॲपवर २०१३ पासून आहे, व शाळेच्या दृष्टीने त्या माध्यमातील ती सर्वांत मोलाची सोय होय.

दुसऱ्या दिवशी वर्गात दूरध्वनी फक्त शिक्षकाजवळ असावा. त्याने एक संदेश ऐकवावा व मुलांनी ऐकलेले वाक्य जसेच्या तसे फळ्यावर लिहावे. समजा, ते वाक्य असे असेल : 'पेव उघडलं की लगीच आत उतरायचं न्हाई, त्यातली हवा जाऊ द्यायची.' त्याशेजारी पुस्तकी वाक्य लिहावे : 'पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, आतील कोंदट हवा बाहेर जाऊ द्यावी.' आता मुलांस विचारावे : दोन्ही वाक्यांचा अर्थ एक आहे, मग बदलले काय? 'उघडलं की' ह्याच्या जागी 'उघडल्यावर' आले. 'उतरायचं न्हाई' ह्याच्या जागी 'उतरू नये' आले. पहिले वाक्य समोरच्या माणसास सांगितलेले आहे, त्यात सांगणाऱ्याचा अनुभव व अधिकार आहे. दुसरे कोणासही उद्देशून नाही, ते नियम म्हणून उभे आहे. घरात पहिले शोभते, फलकावर वा निबंधात दुसरे. मुलास व्याकरणाचा हा भेद व्याख्या न सांगता कळतो, आणि कोणाचेही वाक्य खोडावे लागत नाही. आजोबांचे वाक्य फळ्यावर राहते.

तिसऱ्या दिवशी मुलांनी गटागटाने दहा ओळींचा मजकूर लिहावा. तो ज्यांना पेव ठाऊक नाही अशा वाचकांसाठी असावा. उदाहरणार्थ, सातारा जिल्ह्यातील पाटण खोऱ्यातील एखाद्या शाळेच्या सहावीसाठी. मजकुराचे छायाचित्र त्या शाळेच्या शिक्षकाकडे जाईल. तिकडील मुले प्रश्न विचारतील : पावसाचे पाणी पेवात शिरत नाही का? हळद किती खोल असते? आत कोण उतरतो? हे प्रश्न म्हणजे सहावीच्या लेखकास मिळालेले पहिले प्रामाणिक परीक्षण होय. आपण जे गृहीत धरले ते वाचकास ठाऊक नव्हते, ही जाणीव लाल शाईच्या खुणेने होत नाही. ती वाचकाच्या प्रश्नाने होते. मग पुनर्लेखन होईल, आणि उत्तरादाखल पाटणकडील मुले नाचणीच्या शेतीविषयी लिहितील. फ्रेनेंच्या शाळेतील छापखाना व टपाल ह्यांचे कार्य येथे एका दूरध्वनीने साधले जाते.

ह्या पाठात तीन दिवस मिळून गटाचा प्रत्यक्ष वापर थोडाच वेळ होतो. बाकी सर्व काम फळा, वही व चर्चा ह्यांत होते. आमच्या मते वापराचे हे प्रमाणच योग्य आहे.

ह्याच रीतीचा आणखी एक उपयोग ऊसतोडणी कामगारांच्या मुलांबाबत होण्याजोगा आहे. साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, तोडणीच्या टोळ्या कऱ्हाड, वाळवा आदी भागांत येतात, व मुले कोप्यांवर राहतात. गावची शाळा सुटते आणि येथील शाळेत बोली वेगळी पडते. गावच्या वर्गाच्या गटावर त्या मुलाचा आवाज आठवड्यातून एकदा ऐकू आला, तर हजेरीपटावरील नाव आणि प्रत्यक्ष मूल ह्यांतील संबंध टिकून राहील. आणि येथील वर्गात त्याची बोली चेष्टेऐवजी अभ्यासाचा विषय झाली, तर ते मूल वर्गाचा एक घटक होईल.

६. मर्यादा व पथ्ये

ह्या साधनाच्या मर्यादांचा विचार केल्यावाचून विवेचन पूर्ण होणार नाही.

पहिली मर्यादा मालकीची. भारताच्या ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षे वयाच्या मुलांविषयी 'असर' अहवालाने (२०२४) दिलेले आकडे बोलके आहेत. ८२ टक्क्यांहून अधिक मुलांस स्मार्टफोन वापरता येत होता. वापरू शकणाऱ्यांपैकी स्वतःचा दूरध्वनी असलेले मुलगे ३६ टक्के, तर मुली २७ टक्के होत्या. घरात एकच दूरध्वनी असेल, तर तो वडिलांबरोबर रानात किंवा कामावर जातो, आणि सायंकाळी परत आल्यावर त्यावर मुलीपेक्षा मुलाचा हक्क अधिक मानला जातो. म्हणून गटावरील कोणतेही काम त्याच दिवशी पुरे करण्याचे बंधन असू नये. चार मुलांनी मिळून एक संदेश पाठविला तरी चालावे. आणि ज्याला मुळीच शक्य नाही, त्याने उत्तर वर्गात तोंडी सांगावे.

दुसरी मर्यादा अवधानाची. त्याच अहवालानुसार, पाहणीच्या आधीच्या आठवड्यात ५७ टक्के मुलांनी स्मार्टफोनचा उपयोग शिक्षणविषयक कामासाठी केला होता, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. अभ्यासासाठी हाती घेतलेला दूरध्वनी अभ्यासापाशीच थांबेल, ह्याची शाश्वती नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालानेही तंत्रसाधनांचा वापर शिक्षणाच्या अटींवर व्हावा, असे बजावले. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांस प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली.

ह्या प्रश्नावर सांगली जिल्ह्यातील एका गावाने स्वतःचा उपाय शोधला होता. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रामसभेने असा निर्णय घेतला की, रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजताच घरोघरी दूरध्वनी व दूरचित्रवाणी संच बंद व्हावेत, आणि साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास व मोठ्यांनी वाचन वा संभाषण करावे. सरपंच श्री. विजय मोहिते ह्यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. साथीच्या काळात अभ्यासासाठी दिलेले दूरध्वनी मुलांच्या हातून सुटेनात, ही त्यामागील तक्रार होती. ह्या निर्णयाचे महत्त्व असे की, त्याचे बंधन मुलांबरोबर मोठ्यांवरही होते. शाळेच्या गटासही असाच भोंगा हवा. रात्री नऊनंतर येणारा शिक्षकाचा संदेश हा मुलाच्या झोपेवर व शिक्षकाच्या कुटुंबावर सारखाच अन्याय आहे.

तिसरी मर्यादा खाजगीपणाची. व्हॉट्सॲपच्या नियमानुसार खातेधारकाचे वय किमान तेरा वर्षे हवे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आहे, व तिच्या माहितीच्या वापरास पालकाची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरविली आहे. मुलाचा आवाज, चेहरा व लेखन ही त्याची स्वतःची मालमत्ता आहे. वर्गातील गमतीदार उत्तराची ध्वनिचित्रफीत गावभर फिरविण्याचा अधिकार शिक्षकास नाही, मग त्यामागील हेतू कौतुकाचा का असेना.

ह्यावरून काही पथ्ये सहज निघतात. सूचनांचा गट व संवादाचा गट वेगळा असावा. दुरुस्ती गटावर न करता वर्गात, आणि ती वाक्याची करावी, व्यक्तीची नव्हे. घरच्या बोलीतील उत्तर प्रथम स्वीकारावे, व मगच त्यास प्रमाण रूप द्यावे. लेखन देवनागरीत असावे. प्रत्येक कामास खराखुरा वाचक असावा. आणि पाठ संपल्यावर ध्वनिसंदेश पालकांच्या संमतीविना जपून वा पुढे धाडून ठेवू नयेत.

७. समारोप

वर्गशिक्षणात समाजमाध्यमे आणावीत की नाहीत, हा प्रश्न आता शाळेच्या हाती फारसा उरलेला नाही. ती घरात आलेली आहेत व मुलांच्या भाषेस रोज वळण देत आहेत. शाळेच्या हाती एवढेच आहे की, त्यांतील कोणता व्यवहार वर्गाशी जोडावयाचा. केवळ स्वाध्यायपत्रिका धाडण्यासाठी ती वापरली, तर एका कागदाच्या जागी दुसरा कागद येईल. परंतु ज्या घराचा आवाज शाळेत आजवर पोहोचला नाही, तो आवाज त्यांच्या द्वारे वर्गात आणता आला, त्यास फळ्यावर जागा मिळाली, आणि तेथून मुलाने प्रमाण लेखनापर्यंतची वाट स्वतःच्या पावलांनी चालली, तर त्या साधनाचे सार्थक होईल. 'मी आलो' असे लिहिणाऱ्या मुलीस 'मी आले' हे रूपही यावयास हवे, ह्यात शंका नाही. मात्र ते शिकेपर्यंत तिने लिहिणे थांबविता कामा नये. ही जबाबदारी कोणत्याही यंत्राची नसून शिक्षकाची आहे.